पावसाळा, खारी हवा आणि आपली गेटवरची यंत्रं

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात मे महिन्यात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातले काही शब्द तसेच ठेवले आहेत.)



व्याख्यानमालेत आत्तापर्यंत मधुमेह झाला, मृत्युपत्र झालं, गीतेचा बारावा अध्याय झाला. आज माझा विषय जरा रुक्ष आहे. सर्किट बोर्डांना पाणी आणि गंज यांपासून कसं वाचवायचं, यावर मी बोलणार आहे. बँकेतल्या माणसाला हे कुणी सांगितलं होतं, असं काहींच्या मनात येईल. कॉलेजात असल्यापासून मला रेडिओ जुळवण्याचा नाद, तो नोकरीतही सुटला नाही. आणि गेली अकरा वर्षं आपल्या इंटरकॉमच्या तक्रारवहीचं काम माझ्याकडे आहे. ती वही आज मुद्दाम बरोबर आणली आहे.

आपण राहायला आलो तेव्हा सोसायटीत घराबाहेर असलेलं इलेक्ट्रॉनिक म्हणावं असं काय होतं? लिफ्टचं कंट्रोल पॅनेल, तेही गच्चीवरच्या खोलीत. बाकी घंटी आणि दिवे. गेल्या आठवड्यात मी मोजदाद केली. चौदा कॅमेरे, तीन विंगांचे तीन इंटरकॉम पॅनेल, गेटचा अडसर वरखाली करणारी मोटर आणि तिचं कार्ड, टाकीतलं पाणी भरलं की पंप बंद करणारी यंत्रणा, सोलरचा इन्व्हर्टर, बागेतल्या दिव्यांचा टायमर. हे सगळं उन्हापावसात. आणि आपण कुठे आहोत? बोरिवली पश्चिमेला, गोराईच्या खाडीच्या वाऱ्यावर. उत्तरेला दहिसर-भाईंदरची मिठागरं. मुंबई उपनगरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर झाला होता. त्या दिवशी आपल्या मीटर रूममध्ये किती पाणी होतं, ते इथे बसलेल्या निम्म्या लोकांना आठवत असेल.

पण मंडळी, वही चाळली तर एक गंमत दिसते. धो धो पावसाच्या दिवशी तक्रारी कमी आहेत. जास्त तक्रारी आहेत त्या दोन वेळेला. एक, जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस नुसता येतो-येतो म्हणत असतो तेव्हा. आणि दुसरी, सप्टेंबरात, ऊन-पावसाचा खेळ चालतो तेव्हा. म्हणजे पाणी थेट आत शिरलं आणि बोर्ड गेला, असं कमी वेळा घडतं. मग काय घडतं?

उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत वहिनी तांदळाचे चार दाणे टाकतात. का? मीठ ओल धरतं, त्याला पाणी सुटतं. बरणीवर पाऊस पडलेला नसतो. हवेतली आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते तर याहून कितीतरी कमी आर्द्रतेला ओले होतात. आता खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर हे मीठ बारीक कणांच्या रूपात आपल्या प्रत्येक डब्यात शिरतं, बोर्डावर धुळीबरोबर बसतं. एप्रिल-मेच्या दुपारी ते कोरडं असतं, म्हणून काही करत नाही. जूनमध्ये हवा दमट झाली की एका रात्रीत त्याचा ओला, खारट, वीज वाहून नेणारा थर होतो. पावसाचा एक थेंबही न पडता. जूनच्या पहिल्या आठवड्याचं कोडं हे असं आहे.

मग पुढे काय होतं ते बघा, कारण हा भाग मला फार मजेशीर वाटतो. दोन पिनांमध्ये हा खारट थर आहे आणि एका पिनेवर बारा व्होल्ट आहेत. शाळेत आपण तांब्याचा मुलामा देण्याचा प्रयोग केला होता, बॅटरी, मोरचुदाचं पाणी आणि दोन पट्ट्या. तेच इथे चालू होतं. धन बाजूच्या पिनेचा धातू विरघळतो, ओलाव्यातून पलीकडे जातो आणि ऋण बाजूला जमा होतो. जमा होतो तोही सपाट नाही, नेच्याच्या पानासारखा, फांद्या फुटत फुटत पुन्हा धन पिनेकडे वाढत येतो. आजकालच्या चिपांच्या पिनांमध्ये अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी अंतर असतं. ते पार करायला त्याला फार वेळ लागत नाही. टोक टेकलं की शॉर्ट. पण ही फांदी इतकी नाजूक असते की त्याच करंटने बऱ्याचदा ती जळून जाते, आणि सर्किट पुन्हा चालू लागतं!

सी विंगचा इंटरकॉम पहाटे बंद आणि मेकॅनिक अकरा वाजता आला की चालू, यावर आपल्याकडे किती विनोद झाले. मेकॅनिकला बघून घाबरतो म्हणे. घाबरत बिबरत नाही. अकरापर्यंत ऊन लागून तो थर सुकलेला असतो, नाहीतर फांदी जळून गेलेली असते. मेकॅनिक 'नो फॉल्ट फाउंड' लिहून, व्हिजिट चार्ज घेऊन जातो. चूक त्याचीही म्हणता येत नाही. पण बोर्डावर हिरवट-पांढरं काही दिसतंय का, हे त्याने उघडून बघायला हवं, आणि आपण त्याला ते दाखवायला लावलं पाहिजे.

धन बाजू आधी खाल्ली जाते, हे टेलिफोनवाल्यांना फार आधीपासून माहीत होतं. जुन्या एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टची बॅटरी असे आणि तिचं धन टोक मुद्दाम जमिनीला जोडलेलं असे. तारेवर उणे ४८ व्होल्ट. म्हणजे जमिनीखालच्या केबलला कुठे ओल लागलीच, तर तांब्याची तार झिजायची नाही. इतकी साधी युक्ती, पण त्यामुळे किती केबल वाचली असेल विचार करा. आपल्या कॅमेऱ्याचा प्लग कधी काढून बघा, काळे-हिरवे पडलेले पट्टे जवळपास नेहमी धन बाजूचे असतात.

आता डब्याकडे येऊ. नवीन कोटेशन आलं की त्यात ठळक अक्षरांत 'आयपी ६५', 'आयपी ६६', 'आयपी ६७' असं छापलेलं असतं आणि आपण आकडा मोठा म्हणजे माल चांगला असं समजतो. पहिला आकडा धुळीचा. सहा म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा पाण्याचा. पाच म्हणजे मिनिटाला साडेबारा लिटरची धार सोसेल, सहा म्हणजे मिनिटाला शंभर लिटरची जोरदार धार, आणि सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी चालेल. पण बुडवून पास झालेला डबा जोराच्या धारेलाही पास झाला असेलच असं नाही, ती परीक्षा वेगळी. म्हणून भिंतीवरच्या, वाऱ्यापावसाचा मारा खाणाऱ्या कॅमेऱ्याला ६६ मागावं. ६७ पाहून हुरळून जाऊ नये. आणखी एक गोष्ट. या परीक्षा साध्या पाण्याने, नव्याकोऱ्या डब्यावर होतात. खाऱ्या हवेची परीक्षा अगदी निराळी असते. तिच्यात पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं, पस्तीस अंश तापमानाला, कित्येक तास सोडतात. समुद्राच्या पाण्यात मीठ साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. कोटेशन देणाऱ्याला एवढंच विचारा, 'सॉल्ट मिस्ट टेस्ट झाली आहे का, रिपोर्ट द्या.' बहुतेक वेळा समोरचा माणूस आधी पाणी पितो.

डबा कितीही चांगला असला तरी तो श्वास घेतो, हे लक्षात ठेवा. करड्या रंगाचा प्लास्टिकचा डबा, मेच्या उन्हात आतली हवा पंचावन्न अंशांवर. चार वाजता वळवाची सर येते, डबा एकदम अठ्ठावीस अंशांवर येतो. आतली हवा आकसते, आठ टक्क्यांनी. दहा लिटरचा डबा असेल तर पाऊण लिटरहून जास्त हवा त्याला बाहेरून ओढून घ्यायची असते, आणि नेमकी त्याच वेळी झाकणाच्या रबरावर, केबलच्या भोकावर पाणी उभं असतं. ते आत खेचलं जातं. पुन्हा ऊन पडलं की हवा बाहेर जाते, पण पाणी आतच राहतं. असं रोज थोडं थोडं. सप्टेंबरातल्या तक्रारी या अशा. गेटचा डबा आम्ही उघडला तेव्हा तळाशी बोटभर पाणी होतं आणि झाकणाचं रबर अगदी ठाकठीक. जो तो म्हणे, 'पाणी आलं कुठून?'

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही स्वस्त आहेत. डब्याच्या तळाला, सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, पाच-सहा मिलिमीटरचं एक भोक पाडायचं. लोकांना हे पटत नाही. वॉटरप्रूफ डब्याला भोक? पण त्या भोकातून डबा कोरडी-ओली जी काय हवा घ्यायची ती घेतो, पाणी ओढत नाही, आणि आत आलेलं पाणी गळून जातं. भोकावर बारीक जाळी मात्र लावा, नाहीतर मुंग्या आणि पाली भाड्याने राहायला येतात. आपल्या पंपाच्या पॅनेलमध्ये एकदा पालीनेच शॉर्ट केलं होतं. बिचारी दोन टर्मिनलांच्या मध्ये तशीच वाळली होती. दुसरा उपाय म्हणजे हवा सोडणारी पण पाणी न सोडणारी छोटी बुचं मिळतात, ती बसवायची. रॉबर्ट गोर या अमेरिकन संशोधकाने १९६९ मध्ये टेफ्लॉन झटक्याने ताणून जे सच्छिद्र पापुद्र्यासारखं कापड केलं, तेच त्यात असतं. रेनकोटातही वापरतात. महागड्या कॅमेऱ्यांत आणि गाड्यांच्या हेडलाइटमध्ये असं बूच आधीच असतं. ते भोक वाटलं म्हणून कुणी सिलिकॉनने बुजवू नये.

सिलिकॉनवरून आठवलं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी नेहमीची सिलिकॉनची ट्यूब पिळली की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ना? तो खरोखरच ॲसेटिक ॲसिडचा वास आहे. सिंकला, काचेला ती उत्तम. पण बंद डब्यात बोर्डाशेजारी ती फासली तर सुकताना निघणारं ॲसिड तांब्याला लागतं. चिंचेने तांब्याचं भांडं लख्ख होतं, आणि न धुता ठेवलं तर हिरवं पडतं, तसलाच प्रकार. बिनवासाची, 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेली ट्यूब मागायची. चार पैसे जास्त पडतील.

आणि प्लास्टिकची पिशवी! दर जूनमध्ये इंटरकॉम पॅनेलवर कुणीतरी प्रेमाने दुधाची नाहीतर साडीच्या दुकानाची पिशवी बांधतं. भावना चांगली आहे. पण वरून बांधलेली पिशवी खालून येणारी दमट हवा अडवत नाही, उलट आत गेलेली ओल बाहेर पडू देत नाही. बांधायचंच असेल तर पत्र्याचं किंवा फायबरचं छोटं छप्पर करा, बाजू मोकळ्या ठेवा. जुन्या घरांना पागोळ्या पुढे पडतील अशी वळचण असायची, तेवढीच अक्कल इथे लागते.

केबल नेहमी डब्याच्या खालून आत घ्यावी आणि आत जाण्याआधी तिला एक झोळ द्यावा, म्हणजे वरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं. आपल्या ए विंगच्या तीन कॅमेऱ्यांना केबल वरून दिली होती. पाणी सरळ केबल धरून आत. केबलच्या आवरणाच्या आतूनही पाणी, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, कित्येक फूट जातं. त्यामुळे कॅमेऱ्याचं जोडणीचं टोक उघड्यावर लोंबत ठेवायचं नाही, जंक्शन बॉक्समध्येच पाहिजे. वर साधी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून उपयोग नाही, उन्हाने तिचा डिंक वितळतो. स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबराची टेप मिळते, ती ताणून गुंडाळावी.

आता बोर्डावरच्या लेपाबद्दल. याला 'कॉन्फॉर्मल कोटिंग' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या बेटांवर सैन्याचे वायरलेस सेट दमटपणाने आणि बुरशीने बंद पडू लागले, तेव्हा त्यांना बुरशीनाशक घातलेलं व्हार्निश मारायला सुरुवात झाली. त्याला 'ट्रॉपिकलायझेशन' म्हणत, आपल्यासारख्या हवेसाठी केलेली तयारी. आज ॲक्रिलिक, सिलिकॉन, युरेथेन असे बरेच प्रकार आहेत. आपल्यासारख्यांसाठी माझं मत ॲक्रिलिकचं. स्प्रेच्या डब्यात मिळतं, लवकर वाळतं, आणि पुढे बोर्ड दुरुस्त करायचा झाला तर सॉल्व्हंटने पुसून काढता येतं. युरेथेन जास्त चिवट, पण मग दुरुस्ती करणारा शिव्या घालतो. चार माणसं हॉटेलात जेवली तर जे बिल होतं, त्याहून कमी पैशांत एक डबा येतो आणि त्यात आपले इंटरकॉमचे आणि गेटचे सगळे बोर्ड होतात.

पण लेपाआधी धुणं महत्त्वाचं. कल्हईवाला आठवतो ना? तो भांडं आधी किती घासायचा! मळ राहिला तर कल्हई धरत नाही. इथे तेच आहे, फक्त राहिलेला मळ खारट असेल तर जास्त वाईट. कोणताही लेप पाण्याची वाफ शंभर टक्के अडवत नाही. वाफ हळूहळू आत जातेच. खाली बोर्ड स्वच्छ असेल आणि लेप घट्ट चिकटलेला असेल तर त्या वाफेचं पाणी होऊन थर धरायला जागाच मिळत नाही. खाली मीठ राहिलं असेल तर ते वाफ ओढून घेतं, लेपाला फोड येतो, आणि आत आरामात गंज चालतो, वरून बोर्ड चकचकीत! म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने दोनदा घासायचं, ऊबदार जागी पूर्ण वाळवायचं, मग दोन पातळ हात द्यायचे. जाड एक हात देऊ नये. एक दिवस सुकू द्यायचं. कनेक्टर, बटणं, माइक, स्पीकर, बॅटरीचे पत्रे, उघडी रिले यांना आधी टेप लावून झाकायचं, नाहीतर लेप तिथे बसून संपर्कच तुटतो.

लेप सगळीकडे बसला का हे कसं कळणार, तो तर पारदर्शक. इथे माझी बँक उपयोगी पडते. चांगल्या लेपात एक द्रव्य घातलेलं असतं, ते अतिनील प्रकाशात निळसर चमकतं. नोटा तपासायचा तो जांभळा दिवा कॅशियरच्या टेबलावर असतो ना, तसाच. अंधारात बोर्डावर धरा, जिथे काळं दिसेल तिथे लेप नाही. मी पंचवीस-तीस वर्षं त्या दिव्याखाली नोटा पाहिल्या. त्याखाली इंटरकॉमचा बोर्ड पाहण्यात जास्त मजा आहे, कारण तो खोटा निघाला तर पोलिसांत कळवावं लागत नाही.

सिलिका जेलच्या पुड्यांबद्दल लोक विचारतात. ती जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश पाणी शोषते आणि थांबते. पूर्ण बंद डब्यात ठीक. श्वास घेणाऱ्या डब्यात आठवड्याभरात भरते आणि मग नुसती ओली पुडी आत राहते. त्यापेक्षा वर्षातून एकदा डबा उघडून बघा, हे बरं.

आता जे सांगण्यासाठी मी खरं म्हणजे हा विषय घेतला, ते सांगतो. इथपर्यंतच्या गोष्टींत फार तर पैसे जातात. ही गोष्ट तशी नाही.

गेल्या पावसाळ्यात बागेतल्या दिव्यांचा आरसीसीबी वारंवार पडत होता. अंधार व्हायचा, तक्रारी यायच्या. बाहेरून बोलावलेल्या एका कारागिराने जुलैत तो बायपास करून दिला. दिवे लागले, सगळ्यांनी हुश्श केलं. वहीत कुणीतरी 'काम झाले' असंही लिहिलं. सप्टेंबरात वॉचमनने सांगितलं की कोपऱ्यातल्या खांबाला हात लावला की झिणझिण्या येतात. तो खांब लोखंडी. आणि मंडळी, आपली मुलं संध्याकाळी त्याच खांबाला स्टंप समजून क्रिकेट खेळतात. पाऊस थांबल्यावर, ओल्या जमिनीवर, अनवाणीसुद्धा.

खांबाच्या पायथ्याशी झाकणामागे टेप गुंडाळलेला जोड होता, तो मातीमिश्रित पाण्यात बुडालेला. अर्थिंगची तार गंजून तुटलेली. म्हणजे एकीकडे गळणारी वीज जमिनीत जायला वाट नव्हती आणि दुसरीकडे ती ओळखणारा पहारेकरी आपणच झोपवला होता. आरसीसीबी काय करतो? जेवढी वीज गेली तेवढीच परत आली का, हे तो सतत ताळा जमवून पाहतो. तीस मिलिॲम्पिअरचा फरक पडला की तोडतो. संध्याकाळी कॅश टॅली झाली नाही की आम्ही जसं कुणालाच घरी सोडत नव्हतो, तसं. साधा एमसीबी हे काम करत नाही. सहा ॲम्पिअरचा एमसीबी सहा हजार मिलिॲम्पिअरपर्यंत स्वस्थ बसतो, आणि माणसाचा जीव त्याच्या किती तरी आधी जातो. तेव्हा पावसात आरसीसीबी पडत असेल तर तो बिघडलाय असं म्हणू नका. तो म्हणतोय की कुठेतरी पाणी शिरलंय, शोधा. अंधारात दोन दिवस काढू, टॉर्च घेऊन फिरू.

तो जोड आता जमिनीपासून तीन फूट वर, जेल भरलेल्या बंद बॉक्समध्ये घेतला आहे, अर्थिंग नवीन आहे, आरसीसीबी पुन्हा जागेवर आहे. पण बाकीचे सहा खांब अजून उघडून पाहिलेले नाहीत. खर्चाचा विषय वार्षिक सभेत आला तेव्हा 'दिवे तर लागतायत' म्हणून पुढे ढकलला गेला. कार्यकारिणीला माझी जाहीर विनंती आहे की १० जूनच्या आत, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, ते सहाही खांब तपासून घ्यावेत. आणि आरसीसीबी बायपास करायचा नाही, असा ठराव इतिवृत्तात नोंदवावा. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं काम मी स्वतःकडे घेतो. तारीख-वार सही करीन.

नवीन व्हिडिओ इंटरकॉमचं कोटेशनही टेबलावर आहे. मी आयुष्यभर कर्जाच्या अटी वाचल्या, त्यामुळे सवयीने शेवटचं पान आधी वाचलं. वॉरंटी दोन वर्षं, 'आर्द्रता, गंज, कीटक व पाणी यांमुळे झालेली हानी वगळून'. आता आपल्या वहीतल्या बिघाडांतून आर्द्रता, गंज, कीटक आणि पाणी वगळलं तर उरतं काय? वॉचमनने चहा सांडला तेवढंच! ही अट काढून घ्या, नाहीतर बोर्डाला कारखान्यातच लेप दिला आहे असं लेखी घ्या. ते जमत नसेल तर जुनं पॅनेलच धुऊन, लेप देऊन, छप्पर करून दोन वर्षं चालवू. सी विंगचं आम्ही गेल्या दिवाळीनंतर तसं केलं. पुढचा जून काय म्हणतो ते बघू.

बोर्ड धुण्याचं काम या रविवारी सकाळी नऊ वाजता इथेच आहे. फक्त बारा व्होल्टचे बोर्ड. २३० व्होल्टच्या कशालाही आपण हात लावणार नाही. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा खिडक्या उघड्या आणि उदबत्ती बंद. ज्यांची नजर चांगली आहे अशी मुलंमुली हवी आहेत, माझ्या चष्म्याला आता ती पिन दिसत नाही.

(भाषणानंतर विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन.)

प्रश्न : काका, आमचं वॉशिंग मशीन बाल्कनीत आहे. त्याच्या बोर्डालाही हा स्प्रे मारायचा का?

उत्तर : आधी मागचं झाकण मेकॅनिककडून उघडून बघा. बऱ्याच ऑटोमॅटिक मशीनांत बोर्ड आधीच एका राळेसारख्या पदार्थात बुडवून ओतलेला असतो. तसा असेल तर काही करू नका. मशीन मात्र भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि पाऊस थेट येत असेल तर बाजूला चिक लावा. कव्हर घालत असाल तर धुणं झाल्यावर लगेच घालू नका, आतली वाफ निघू द्या.

प्रश्न : मोबाईल पाण्यात पडला तर तांदळात ठेवतात. मिठाला तांदूळ चालतो, मग मोबाईलला का नाही?

उत्तर : बरणीतला तांदूळ मिठाला चिकटून असतो, मोबाईलच्या आतल्या पाण्यापर्यंत तो पोचत नाही. वर पिठूळ कण चार्जिंगच्या खाचेत जातात ते वेगळंच. ॲपल कंपनीनेसुद्धा आपल्या सूचनांमध्ये तांदळात ठेवू नका असं म्हटलं आहे. पहिलं काम फोन बंद करणं, कारण वीज नसेल तर मघाशी सांगितलेली ती फांदी वाढत नाही. खाच खाली करून हलकेच झटका आणि पंख्याखाली ठेवा. चार्जरला लावू नका. समुद्रात पडला असेल तर वाळायची वाट न बघता बंद करून लगेच दुकानात न्या, त्यांना सांगा की खारं पाणी आहे, म्हणजे ते उघडून अल्कोहोलने धुतील.